जुना लॉन ट्रॅक्टर घ्यायचाय? तापवा आणि चढवा

मागच्या वेळी जुना लॉन ट्रॅक्टर, म्हणजे वर बसून गवत कापायचं यंत्र, बघायला गेलो तेव्हा खिशात यादी होती. इंजिन, बॅटरी, टायर, पाती, सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा करून, पैसे मोजून, मोठ्या खुशीत घरी आलो. यादीत एक ओळ नव्हती: ट्रॅक्टर चांगला तापल्यावर चढावर चालवून बघणे. पहिल्याच रविवारी पंचवीस मिनिटं गवत कापलं, मागच्या उताराला लागलो आणि अर्ध्या चढावर गाडी उभी राहिली. इंजिन मस्त घुमतंय, पेडल तळाला टेकलंय, चाकं मात्र जागची हलत नाहीत. शेवटी मुलाने मागून ढकललं. तासाभराने काहीच झालं नसल्यासारखी पुन्हा चालू लागली. ही नवी यादी त्या एका ओळीसाठी आहे, बाकीचं तिच्यासोबत येईल तसं.

निघण्याआधी घरी टेप काढा. फाटकाची रुंदी मोजा. डेक म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं घर. ४२ इंची डेक म्हणजे नुसती कापणीची रुंदी. बाजूला गवत फेकायचं झाकण धरलं की सगळं पन्नास इंचांच्या पुढे जातं. मग अंगण किती आहे, त्यात चढ किती आहे ते बघा. एकरभर मोकळं, सपाट गवत ४२ इंची डेकने साधारण तासाभरात होतं, झाडं आणि वळणं असतील तर जास्त. चढ मात्र अंदाजाने सांगू नका. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत १५ अंशांची मर्यादा दिलेली असते, म्हणजे दहा फूट आडव्या अंतराला साधारण पावणेतीन फूट चढ. काही पुस्तिका त्याहूनही कमी सांगतात. त्याहून तीव्र उतार असेल तर विषयच संपला, तिथे हे यंत्र नेऊ नका. कमी असेल तर तो आकडा लक्षात ठेवा, विकणाऱ्याकडे तेवढाच चढ शोधायचा आहे.

आता फोन. विकणाऱ्याला स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर बॉनेट उघडून हात लावा. कोमट लागलं तर थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं, हे झाकायला कुणीतरी आधी चालवून ठेवलेलं असू शकतं. म्हणजे इंजिन बघायचं थंड आणि ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांना देणारी पेटी, बघायचं गरम. मला यातलं पहिलं माहीत होतं, दुसरं नव्हतं, आणि त्याचीच किंमत मोजली. दोन्हींसाठी वेळ काढून जा. ‘दहा मिनिटांत बघून येतो’ म्हणणाऱ्याने जाऊच नये.

थंड असतानाच करायच्या गोष्टी आधी उरका. सीटखालची पाटी शोधा, मॉडेल आणि सीरियल नंबरचा फोटो घ्या. सुटे भाग मिळतात की नाही हे त्या नंबरवरूनच कळतं. इंजिनावर वेगळा नंबर असतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं इंजिन असेल तर ‘कोड’ म्हणून जो आकडा असतो त्यात पहिले दोन अंक वर्ष, पुढचे दोन महिना आणि त्यापुढचे दोन तारीख. ०४०६१२ ने सुरू झाला तर इंजिन २००४ च्या जूनमधल्या १२ तारखेचं. ‘सात-आठ वर्षांचा आहे हो’ म्हणणाऱ्यासमोर हे शांतपणे वाचून दाखवावं.

मग मागच्या चाकाची टोपी काढा. एवढ्या सोप्या जागी ट्रॅक्टरची जात कळते आणि कुणी बघतच नाही. चाक नुसतं दांड्यावर सरकवून चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) आणि क्लिपने अडकवलेलं असेल तर ट्रान्समिशन बहुधा हलक्या वर्गातलं. मोटारीसारखं चार-पाच बोल्टने हबला आवळलेलं असेल तर जड वर्गातलं. हलकं म्हणजे वाईट नव्हे. सपाट अंगणात, मागे ओझं न ओढता, ते वर्षानुवर्षं चालतं. टफ टॉर्क कंपनीच्या ट्रान्समिशन पेट्यांमध्ये के-४६ हा हलका प्रकार आहे आणि के-६६ बराच दणकट. पेटीवरची पाटी वाचता आली तर वाचा, कारण बॉनेटवरचं कंपनीचं नाव बघून आत कोणती पेटी आहे ते कळत नाही. तुमच्याकडे चढ असेल, मातीची ट्रॉली ओढायची असेल, तर रंग-बिंग विसरा आणि बोल्टवालं चाक शोधा. गार्डन ट्रॅक्टर आणि लॉन ट्रॅक्टर यांतला खरा फरक तिथे असतो, जाहिरातीत दोन्ही शब्द कसेही वापरतात.

डेकखाली वाका. त्याआधी किल्ली काढा आणि स्पार्क प्लगची वायर सोडवा, यात आळस नको, पात्यांमध्ये हात घालतोय आपण. चिकटलेलं वाळकं गवत खरवडा आणि स्क्रू ड्रायव्हरने पत्रा टोचा, विशेषतः स्पिंडलच्या, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याच्या, आजूबाजूला. वरून रंग नवा आणि खालून पापुद्रे, असा डेक मी पाहिलाय. पातं धरून वरखाली हलवा. टकटक वाजलं तर बेअरिंग गेलं. हाताने फिरवून ऐका, घरघर नको. स्पिंडलचं घर बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि बोल्टजवळ त्याला चीर जाते, तिथे टॉर्च मारा. नुसतं बेअरिंग बदलणं घरच्या घरी जमतं. सडलेला डेक मात्र बदलावाच लागतो, आणि मग ‘स्वस्तात मिळाला’ हा शब्द घरात कुणी काढत नाही.

पुढचा अ‍ॅक्सल मधल्या खिळीवर डोलतो तिथे फ्रेमला चीर किंवा वेल्डिंगचा डाग आहे का ते बघा. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवा. पुढची चाकं हलण्याआधी स्टिअरिंग हातात बरंच फिरत असेल तर खालचे दाते झिजलेत. ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची छोटी तोंडं, आहेत का आणि त्यांच्या तोंडाशी ग्रीस दिसतंय का? कोरडी, रंगाने बुजलेली निपलं असतील तर मालकाने त्यांना कधी हात लावलेला नाही, आणि मग बाकीच्या देखभालीचाही अंदाज करा. टायर बघाल तुम्ही, सांगायला नको.

इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या ताससूचकावर फार विश्वास नको, तो बदलता येतो आणि बंदही पडतो. आठवड्याला एक तास धरला तर गवत वाढायच्या मोसमात वर्षाला पंचवीस-तीस तास होतात. दहा वर्षांच्या गाडीवर ऐंशी तास आणि पेडलचं रबर गुळगुळीत, असं असेल तर पेडल खरं बोलतंय.

डिपस्टिक काढा. काळं तेल चालेल, घरगुती यंत्रात ते असतंच. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी खुणेच्या वर असेल तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खाली इंजिनात उतरतंय. असं इंजिन चालूच करू देऊ नका, पातळ झालेलं तेल बेअरिंगना वाचवत नाही. इंजिनाच्या पंख्यावरचं झाकण काढू दिलं तर उत्तम, खाली उंदरांचं घरटं निघू शकतं, आणि थंड करणाऱ्या हवेची वाट बुजलेलं इंजिन आतून भाजून निघालेलं असतं.

आता सुरू करा. चोक देऊन दोन-तीन प्रयत्नांत लागलं पाहिजे. सुरुवातीचा थोडा निळा धूर विरतो, तो सोडून द्या. विरत नसेल तर इंजिन तेल खातंय. स्टार्टर एकदा फिरून अडतो, पुन्हा फिरून अडतो, असं झालं की विकणारा म्हणेल बॅटरी उतरलीये. असेलही. पण इंजिनातली, सुरू होताना दाब सोडणारी यंत्रणा बिघडली तरी अगदी असंच होतं, म्हणून चार्ज केलेली बॅटरी सोबत न्या आणि वाद मिटवा. मीटर असेल तर चालू इंजिनावर बॅटरीला साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत.

आणि आता, कृपा करून, इंजिन गोड वाजलं म्हणून खाली उतरून पैशांची बोलणी सुरू करू नका. मी तेच केलं. ट्रान्समिशन तापवा. पाती चालू करून खऱ्या गवतात, पुढे-मागे, वळणं घेत, निदान वीस-पंचवीस मिनिटं चालवा. मोकळ्या सिमेंटवर पाच मिनिटांची फेरी ही परीक्षा नव्हे, ती नुसती मिरवणूक आहे. मी तीच काढली होती.

कारण समजून घ्या म्हणजे लाज वाटणार नाही. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, पेटीत बेल्ट एक पंप फिरवतो, पंप तेल दाबतो आणि ते तेल आतली मोटर फिरवून चाकांना ताकद देतं. पंप आणि मोटर झिजले की त्यांच्या फटींतून तेल निसटतं. थंड तेल दाट असतं, निसटत नाही, त्यामुळे झिजलेली पेटीही धडधाकट वाटते. तापलं की तेल पातळ होतं, दाब धरत नाही आणि चढावर दम जातो. म्हणजे थंड गाडीची सपाटीवरची चाचणी झीज लपवते. तापलेली आणि चढावरची चाचणीच ती उघडी पाडते. दोन्ही हवं. तापवून सपाटीवर चालवली तर अर्धं कळेल, थंड असताना चढावर नेली तर तेवढंही कळणार नाही.

तापल्यावर चढाच्या पायथ्याशी थांबा आणि सरळ वर घ्या, आडवी नाही, उताराला आडवं चालवणं तसंही धोक्याचं. मध्यावर पूर्ण थांबा आणि पुन्हा निघा. रांगत निघाली, पेटीतून केकाटल्यासारखा आवाज आला, इंजिनाचा सूर तोच राहून वेग गळाला, तर आभार मानून घरी या. विकणाऱ्याकडे चढ नसेल तर तो शोधा, बाजूच्या मोकळ्या जागेत, रस्त्याकडेच्या गवतात, कुठेही. अगदीच नसेल तर पुढचा बंपर जाड झाडाला हळूच टेकवून पेडल दोन सेकंद दाबा. गवतावर मागची चाकं जागच्या जागी घसरली तर ताकद आहे. चाकं गपगार आणि पेटी केकाटतेय, तर नाही. ही चाचणीसुद्धा तापल्यावरच, हे वेगळं सांगायला हवं का? हवं. तापल्यावरच.

एक न्यायाची बाजू. दर वेळी दोष पेटीचाच नसतो. बेल्ट घसरत असेल तर किंचाळी आणि जळक्या रबराचा वास येतो, तो स्वस्तात सुटतो. पेटीच्या डोक्यावरचा प्लॅस्टिकचा पंखा तुटलेला असू शकतो, किंवा पेटीवर गवताची गादी बसलेली असते आणि ती तापून तापून दमते. इंजिन बंद करून टॉर्चने बघा. ‘आत हवा अडकलीये, काढली की झालं’ हेही ऐकाल. हवा काढायची पद्धत खरी आहे, बायपास लिव्हर (चाकं पेटीपासून मोकळी करणारा दांडा) ओढून पेडल पुढे-मागे करत काढतात. मग त्यालाच म्हणा, काढ, आणि पुन्हा तापवून चढव. माझ्या पेटीला तेल बदलायचा बूचही नव्हता, आणि नव्या पेटीचा खर्च विचारल्यावर कळलं की ट्रॅक्टरला मोजलेल्या पैशांच्या तो जवळपास जातोय.

उरलेलं पटापट. पाती चालू असताना सीटवरून किंचित उठा, इंजिन बंद पडलंच पाहिजे. पडलं नाही तर कुणीतरी स्विचच्या वायरी जोडून ठेवल्यात, आणि ज्याने हे केलं त्याने आणखी काय केलं असेल कोण जाणे. पातीचा खटका बंद केल्यावर पाती पाच सेकंदांत थांबायला हवीत. ब्रेक. मागे जायचा गिअर किंवा पेडल. हेडलाइट जाऊ द्या.

कागद असतील तर घ्या, पुस्तिका विशेष. जुनं पेट्रोल घरी आल्यावर काढून टाका. तेल, फिल्टर, प्लग नवे.

ट्रॅक्टर न्यायच्या गाडीवर चढवताना फळ्या बांधून घ्या. इंजिन बंद असताना ढकलायचं असेल तर मागची बायपास लिव्हर ओढून मगच ढकला, तीही हळू. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर दोरीने ओढत घरी आणायचा नसतो. घरी पोचल्यावर लिव्हर परत जागेवर, नाहीतर ट्रॅक्टर हलेना म्हणून विकणाऱ्याला फोन लावाल आणि तो हसेल.