उभा माऊस, ट्रॅकबॉल, एअर माऊस: वेगळा माऊस वापरताना या चुका टाळा

वेगळ्या आकाराचे माऊस बहुधा बिघडून नव्हे, कंटाळा येऊन ड्रॉवरमध्ये जातात. हात जुन्या सवयीनं चालत राहतो, संगणकातलं सेटिंग जुन्याच माऊसचं असतं आणि खापर फुटतं नव्या आकारावर. अर्थात कधीकधी आकारच चुकलेला असतो. १९९८ मध्ये पहिल्या आयमॅकबरोबर आलेला ॲपलचा माऊस पुरा गोल होता. हातात धरल्यावर त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते खाली पाहिल्याशिवाय कळत नसे, मग पॉइंटर तिरका पळे. २००० मध्ये ॲपलनं तो मागे घेतला. पण असे माऊस थोडे. बाकीच्यांचं काय चुकतं ते पाहू.

उभा माऊस आडव्यासारखा चालवणं

उभ्या माऊसमध्ये पंजा हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकलचा कोन ५७ अंश आहे, काही माऊस जवळजवळ काटकोनात उभे असतात. पहिली तक्रार ठरलेली: क्लिक केलं की पॉइंटर सरकतो. कारण साधं आहे. आडव्या माऊसवर बोट खाली दाबतं आणि तो जोर टेबल झेलतं. इथे बोट बाजूनं दाबतं, त्यामुळे जोर माऊसलाच ढकलतो. क्लिक करताना अंगठ्यानं समोरून किंचित आधार द्यायचा. मूठ मात्र आवळायची नाही, नाहीतर ज्या दुखण्यासाठी हा माऊस घेतला तेच पुन्हा मागे लागेल.

दुसरी चूक म्हणजे तो मनगटातून हलवणं. हालचाल कोपरातून हवी. त्यासाठी खुर्ची एवढ्या उंचीवर ठेवा की कोपर साधारण ९० अंशांत येईल आणि खांदा वर उचलला जाणार नाही. करंगळीकडची कड टेबलाला घासते, घामानं चिकटतेही. मोठं कापडी पॅड घातलं की हा त्रास बराचसा जातो. हा माऊस उंच असल्यानं कीबोर्डवरून हात परत आणताना त्याला धक्का लागून तो कलंडतो. हात वरून न आणता टेबलालगत सरकवत आणा. अंकांची वेगळी पट्टी नसलेला कीबोर्ड असेल तर माऊस जवळही ठेवता येतो.

पहिल्याच दिवशी जुना माऊस काढून टाकू नका. विंडोजला दोन्ही एकाच वेळी जोडता येतात. बारीक काम जुन्यावर, बाकीचं नव्यावर, असं काही दिवस चालू द्या. यात एक मेख आहे: विंडोजच्या सेटिंगमधला पॉइंटरचा वेग सगळ्या माऊसना एकच लागू होतो, आणि डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदलही. म्हणून नव्या माऊसचा वेग त्याच्या अंगावरच्या डीपीआय बटणानं (माऊसची स्वतःची संवेदनशीलता बदलणाऱ्या) जुळवा, विंडोजमधून नको. डावखुऱ्यांनी तर खरेदीपूर्वीच पाहावं, कारण उभा माऊस एकाच हातासाठी घडवलेला असतो. हाताचं मापही बघा. तळहात टेकवल्यावर बोटं बटणांच्या फक्त मागच्या कडेपर्यंत पोहोचत असतील, तर तो माऊस तुमच्या हाताला मोठा आहे.

ट्रॅकबॉलचा चेंडू न काढणं

ट्रॅकबॉल म्हणजे जागचा न हलवता, त्यातला चेंडू फिरवून चालवायचा माऊस. तो ‘अडखळतो’ म्हणून टाकून देणारे पुष्कळ. चेंडू सहसा तीन बारीक टेकूंवर फिरतो आणि त्या तीन ठिकाणी त्वचेचं तेल व धूळ मिळून मळाचे घट्ट ठिपके जमतात. सेन्सर धडधाकट असतो, पण चेंडू घसरत असतो. सफाई अशी करा:

१. माऊस बंद करा. अंगठ्यानं फिरवायच्या अनेक ट्रॅकबॉलच्या तळाशी भोक असतं, त्यातून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं चेंडू वर ढकला. लॉजिटेक एमएक्स एर्गोचं भोक चुंबकी पट्टीखाली लपलेलं असतं, आधी ती पट्टी काढा. केन्सिंग्टन एक्स्पर्टसारख्या मोठ्या, ५५ मिमी चेंडूच्या माऊसला फक्त उलटं करून हात खाली धरायचा.
२. टेकूंवरचा मळ लाकडी काडीनं किंवा नखानं खरवडा. सुई, ब्लेड, सॅंडपेपर वापरू नका. टेकूवर ओरखडा पडला की खरखर कायमची राहते.
३. सेन्सरची खिडकी कोरड्या कापसाच्या बोळ्यानं पुसा, चेंडू ओलसर कापडानं.
४. तेल किंवा वंगण अजिबात घालू नका. ते धूळ धरून ठेवतं आणि सेन्सरवर पसरतं.

साफ केलेला चेंडू थोडा वेळ उलट जास्त जड फिरतो, त्याला घाबरायचं कारण नाही. बोटांच्या तेलाचा पातळ थर चढला की तो मोकळा होतो. म्हणून जुने वापरकर्ते चेंडू तळहातावर घोळवूनच बसवतात. हरवलेल्या चेंडूच्या जागी त्याच मापाचा कुठलाही चेंडू चालेल असं समजू नका. काही सेन्सरना चेंडूवरचे ठिपके दिसावे लागतात, गुळगुळीत एकरंगी चेंडूवर ते आंधळे होतात.

वेग ठेवतानाही घाई होते. अंगठ्याच्या एका फटक्यात पॉइंटर अख्खा पडदा ओलांडू लागला तर छोटी बटणं नेमकी साधत नाहीत. एका सहज फटक्यात तिसरा हिस्सा ते अर्धा पडदा, एवढं पुरे. ओढून नेताना बटण सुटत असेल तर विंडोजच्या माऊस प्रॉपर्टीजमधलं क्लिकलॉक चालू करा, म्हणजे बटण दाबून धरून ठेवावं लागत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं, तर मात्र सेटिंगशी खेळत बसू नका. बोटांनी फिरवायचा ट्रॅकबॉल घ्या.

एअर माऊस हवेत सरळ सरकवणं

एअर माऊस टेबलावर न ठेवता हवेत धरून चालवायचा असतो. यातला जायरोस्कोप (वळण मोजणारा सेन्सर) मनगट किती वळलं ते मोजतो, हात किती सरकला ते नव्हे. म्हणून अख्खा हात सरळ उजवीकडे नेला तरी पॉइंटर जेमतेम हलतो, मनगट जरा वळवलं की पळतो. कोपर टेकवा आणि मनगटानंच काम करा. हात स्थिर असूनही पॉइंटर वाहत असेल, तर माऊस सपाट टेबलावर काही सेकंद अजिबात न हलवता ठेवा, म्हणजे तो आपला शून्यबिंदू पुन्हा ठरवतो. काही माऊसना त्यासाठी दोन बटणं एकत्र दाबावी लागतात. थंड जागेतून उबदार खोलीत आणल्यावर हे वाहणं वाढतं.

त्रिमितीय माऊस नेहमीच्या माऊसच्या जागी ठेवणं

पडद्यावरचं त्रिमितीय मॉडेल फिरवण्या-सरकवण्यासाठीचा थ्रीडीकनेक्शन कंपनीचा स्पेसमाऊस हा दुसऱ्या हाताचा सोबती आहे. उजवा हात नेहमीच्या माऊसवर, डावा याच्या टोपीवर, म्हणजे वरच्या गोल मुठीवर. टोपी काही मिलिमीटरच हलते. जितकी ढकलाल तितका वेग, अंतर नव्हे. नवखे टोपी जोरात दाबतात आणि मॉडेल पडद्याबाहेर उडतं. ड्रायव्हरमध्ये वेग कमी करा आणि सुरुवातीला ‘डॉमिनंट’ पर्याय लावा, म्हणजे एका वेळी एकाच दिशेची हालचाल घेतली जाते. सगळं उलट फिरतंय असं वाटलं, तर ऑब्जेक्ट (टोपीबरोबर मॉडेल हलतं) आणि कॅमेरा (पाहणारा हलतो) या पद्धतींची अदलाबदल करून पाहा.

बाकीचे घोळ

मायक्रोसॉफ्टचा आर्क माऊस पाठ वाकवल्यावर सुरू होतो. बॅगेत इतर सामानाच्या दाबानं वाकला तर तो चालू होऊन बॅटरी खातो, म्हणून वेगळ्या कप्प्यात सपाट ठेवा. २०१५ पासूनच्या ॲपल मॅजिक माऊसला चार्जिंगचं तोंड पोटाखाली आहे, त्यामुळे चार्ज होताना तो वापरता येत नाही. कामाला बसण्याआधीच केबल लावा.

काचेच्या टेबलावर पॉइंटर उड्या मारतो, कारण सेन्सरला बारीक पोत दिसत नाही. लॉजिटेकचे डार्कफील्ड सेन्सर किमान ४ मिमी जाडीच्या काचेवर चालतात. इतर माऊसखाली कागद सरकवला तरी भागतं.

वायरलेस माऊस मधूनच अडकत असेल तर त्याचा रिसीव्हर (संगणकात खोचायचा छोटा यूएसबी तुकडा) कुठे खोचला आहे ते बघा. यूएसबी ३ पोर्ट आणि त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि असे माऊसही त्याच लहरींवर बोलतात. एक्स्टेंशन केबल लावून रिसीव्हर माऊसजवळ आणा. बॅटरी बदलण्याआधी एवढं करून पाहा.