बंदी उठण्याआधी डिजिटल इंधनगेजची तयारी

1 जून ते 31 जुलै या गोव्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात होडी चुडतांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, आडोशाला उभी असते. जुवारीकाठची दमट हवा तेवढ्यात सेंडरच्या, म्हणजे टाकीतली पातळी गेजला कळवणाऱ्या भागाच्या, टोकांवर हिरवा थर चढवून मोकळी होते. म्हणून इंधनगेजची तपासणी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, होडी जमिनीवर असतानाच उरकावी. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्यांचा हंगाम उशिरा सुरू होतो, त्यांना सवड जास्त, पण काम तेच. इथे धरलेली होडी पेट्रोलच्या आउटबोर्ड इंजिनाची, आत बसवलेल्या शंभरेक लिटरच्या टाकीची आहे. सुट्या 24 लिटरच्या टाकीला एवढा खटाटोप लागत नाही, हाताने उचलून पाहिली तरी अंदाज येतो.

जवळ मल्टिमीटर, खूण केलेला 10 लिटरचा धातूचा कॅन, पाणसळ, तांब्या-पितळेचा ब्रश, कल्हई केलेली तांब्याची वायर, काही टर्मिनल आणि एक सरळ लाकडी पट्टी असावी. टाकीतले जुने पेट्रोल आधी काढावे. आता पंपावर मिळते ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले, आणि त्यातले इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, नेमके इंजिनाची नळी ओढते तिथे. तळातला थोडा नमुना काचेच्या बाटलीत घेऊन पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. मधे रेघ दिसली तर ते पेट्रोल इंजिनाला देऊ नये. गेजला यातले काही कळत नाही. सेंडर कपॅसिटिव्ह जातीचा (विद्युत धारकतेवरून पातळी मोजणारा) असेल तर पाण्यामुळे उलट टाकी जास्त भरलेली दिसते. टाकीच्या हवेच्या नळीचे तोंडही बघावे. दोन महिन्यांत कुंभारमाशी तिथे मातीचे घर करते. मग टाकीत हवा शिरत नाही, इंजिन थोडे चालून धाप टाकते, आणि माणूस भरलेले गेज बघत फिल्टर खोलत बसतो.

सेंडरला हात लावण्याआधी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा आणि झाकणे उघडून तळात हवा खेळू द्यावी, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळात साचते. मग सेंडरची गुलाबी वायर सोडवून त्याच्या टोकापासून अर्थपर्यंत ओहम मोजावेत. अमेरिकी पद्धतीचा सेंडर रिकाम्या टाकीला 240 आणि भरलेल्या टाकीला 33 दाखवतो, अर्ध्यावर साधारण 103. युरोपीय पद्धतीचा त्याच्या उलट, रिकाम्याला 10 आणि भरलेल्याला 180 च्या आसपास. गेजच्या मेनूत हीच जात निवडलेली असावी, नाहीतर टाकी भरत जाते तसा आकडा खाली येतो. एनएमईए 2000 ची (होडीतली उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या डेटा जाळ्याची) जोडणी असेल तर वीज बंद ठेवून दोन्ही डेटा वायरींमध्ये 60 ओहम मिळायला हवेत. 120 आले तर एका टोकाचा टर्मिनेटर (जाळ्याच्या टोकाला लावायचा रोधक) गेलेला आहे.

सगळ्यात जास्त वेळ काळ्या अर्थ वायरीला द्यावा. गंजलेल्या जोडातून नुसते 20 ओहम वाढले तरी अमेरिकी सेंडरवर इंधन दहाएक टक्के कमी दिसते. ती चूक परवडते, फार तर माणूस लवकर परत फिरतो. युरोपीय सेंडरवर मात्र तेच 20 ओहम इंधन बाराएक टक्के जास्त दाखवतात. शंभर लिटरच्या टाकीत बारा लिटर नसलेले पेट्रोल पडद्यावर दिसते, आणि ते कळते आग्वादच्या बाहेर. वायर वरून ठीक दिसते म्हणून सोडू नये. टर्मिनलजवळ आवरण बोटभर सोलावे, आत तांबे काळे पडलेले असेल तर वायरच बदलावी. नव्या जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि सेंडरच्या टोकावर रबरी टोपी घालावी.

यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे गेजचा आकडा टाकीतल्या खऱ्या लिटरांशी जुळवणे. टाकीचा तळ व्ही आकाराचा असेल तर फ्लोट (सेंडरचा तरंगता भाग) अर्ध्या उंचीला असताना इंधन अर्ध्याहून पुष्कळ कमी असते. आकार पुरता व्ही असेल तर फक्त पाव. गेज कारखान्यातून चौकोनी टाकी गृहीत धरून आलेले असते. ट्रेलरवर होडी पाणसळीने सरळ करावी, कारण पाण्यात ती तशीच उभी राहणार असते. दर वेळी 10 लिटर ओतावे, मिनिटभर थांबावे, आकडा स्थिर झाला की तो टप्पा गेजमध्ये साठवावा. पाचच टप्पे साठवता येत असतील तर त्यातले तीन खालच्या अर्ध्या भागात टाकावेत. नळीचे टोक तळापासून थोडे वर असते, त्याखालचे इंधन इंजिनाला मिळतच नाही, म्हणून शून्य तिथे लावावे जिथे नळी हवा ओढू लागते. त्याच वेळी लाकडी पट्टी बुडवून प्रत्येक 10 लिटरला खूण करावी. रीड स्विचचा (फ्लोटमधल्या चुंबकाने एकामागून एक स्विच लागणारा) सेंडर साधारण 20 मिमीच्या पायऱ्यांनी उडी घेतो, त्यामुळे आकडा बराच वेळ न हलता एकदम सात-आठ लिटरने उतरला तर गेज बिघडले असे समजू नये.

फ्लो सेन्सर (नळीतून वाहणारे इंधन मोजणारा) बसवला असेल तर तो फिल्टरनंतर, बाणाची दिशा इंजिनाकडे ठेवून लावावा. तो उरलेले मोजत नाही, गेलेले मोजतो. टाकी भरल्यावर आकडा शून्य करायला विसरलात तर पुढची सगळी वजाबाकी खोटी. डिझेलच्या ट्रॉलरला परतीच्या नळीवर दुसरा सेन्सर लागतो.

पाण्यात उतरल्यावर डॅम्पिंग (हेलकाव्यांनी आकडा नाचू न देणारी गेजची सोय) जास्तीत जास्त ठेवावे आणि आकडा इंजिन मंद असताना, माणसे सारखी बसलेली असताना वाचावा; वेगात नाळ (होडीचे पुढचे टोक) वर उचलली की पेट्रोल मागे सरकते. अलार्म एक तृतीयांशावर लावावा. एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव हा हिशेब ग्रँड आयलंड बेटाहून मांडवी नदीच्या मुखाकडे परतताना विशेष पाळावा, कारण दुपारी वायव्येचा वारा डाव्या बाजूने अंगावर येतो आणि जाताना लागले त्याहून जास्त इंधन खातो. दर वेळी भरताना पंपाच्या पावतीवरचे लिटर आणि गेजने दाखवलेली वाढ वहीत शेजारी शेजारी लिहावी. फरक पाच लिटरच्या वर जाऊ लागला की पुन्हा काळ्या वायरीपासून सुरुवात करावी.