ईममध्ये राहायला येताय?

पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं वाचून 'एयाम' म्हणू नका. गावाचं नाव 'ईम'. इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात वसलेलं, हजारेक वस्तीचं गाव. शेफिल्डच्या इस्पितळांत किंवा विद्यापीठात नोकरी लागलेली आपली मुलं हल्ली विचारतात, "काकू, शहरात राहण्यापेक्षा तिकडे घर बघू का?" बावीस वर्षं इथे काढल्यावर मी 'जरूर बघा' म्हणते. पण काही गोष्टी आधीच कानावर घालते.

पहिली गोष्ट गाडी. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते. पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते, म्हणून आल्याआल्या तयारीला लागा. शेफिल्ड-मँचेस्टर मार्गावरचं ग्रिंडलफर्ड स्टेशन जवळ असलं, तरी तिथून गावापर्यंत चढ आहे. बस कमी आणि संध्याकाळी लवकर बंद. आमच्या पहिल्या नोव्हेंबरात जवळच्या बेकवेल गावाहून येणारी शेवटची बस चुकली. साडेचारलाच काळोख, रस्त्याला दिवे नाहीत, फूटपाथ नाही, हातात दोन पिशव्या. मेंढ्यांचा चारा घेऊन निघालेल्या एका शेतकऱ्याने गाडी थांबवून मला दारापर्यंत सोडलं. तेव्हापासून हिवाळ्यात माझ्या पर्समध्ये टॉर्च असतोच. तुम्हीही ठेवा.

जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला आजारी पडायची वाट बघू नका. नोंदणीला पैसे लागत नाहीत. तातडीचं नाही पण सल्ला हवाय, तर १११ ला फोन करा. जिवावरचं असेल तर ९९९. डाळ-तांदूळ, पीठ, मसाले शेफिल्डहून महिन्याचे एकदम भरा. कढीपत्ता फ्रीजरमध्ये चांगला टिकतो. बर्फ पडला की डोंगरातले रस्ते बंद होतात, म्हणून आठवड्याचा शिधा घरात हवाच. भाजी आणि चीजसाठी सोमवारी बेकवेलचा बाजार गाठा. त्याच दिवशी तिथे गुरांचा बाजारही भरतो. मुलांना एकदा नक्की दाखवा.

शेतातून जाणाऱ्या पायवाटांवर पिवळा बाण दिसला की बिनधास्त चाला, तो तुमचा हक्क आहे. फाटक मात्र जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जा. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा त्यांच्यापासून लांबूनच चला.

आता या गावाचं जे खास आहे, ते. १६६५ साली लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. त्यात प्लेगच्या पिसवा होत्या. साथ पसरली तेव्हा विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या दोन धर्मगुरूंनी गावाची समजूत घातली, की रोग आसपासच्या गावांत जाऊ द्यायचा नाही, वेशीबाहेर कोणी पडायचं नाही. लोकांनी ते पाळलं. बाहेरची माणसं वेशीवरच्या दगडाशी धान्य ठेवून जात. दगडाला भोकं आहेत, त्यांत व्हिनेगर ओतून गावकरी नाणी ठेवत. चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. गावाबाहेरच्या कुरणात 'रायली ग्रेव्ह्ज' ही थडगी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं तिथे स्वतःच्या हातांनी पुरली. त्या काळच्या घराण्यांचे वंशज आजही गावात आहेत. म्हणून पाहुणे आले की त्यांना तिथे जरूर न्या, पण थडग्यांजवळ सेल्फी काढू देऊ नका.

शेजारच्या आजींनी मला हे सगळं सांगितलं, तेव्हा मी त्यांना सावित्रीबाई फुल्यांबद्दल सांगितलं. पुण्याच्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यातच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये फुलं लावायला ये."

ही फुलं म्हणजे वेल ड्रेसिंग. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्लेगमध्ये गेलेल्यांसाठी प्रार्थना होते, त्याच सुमाराला गावातल्या विहिरी सजतात. भिजवलेल्या लाकडी फळ्यांवर मीठ घालून मळलेली माती थापतात. कागदावरचं चित्र सुईने टोचून तिच्यावर उतरवतात. रेघा कॉफीच्या बियांनी किंवा आल्डर झाडाच्या बोंडांनी धरतात. मग पाकळ्या, खालून वर, कौलांसारखी एकीवर एक, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. हायड्रेंजियाची निळी पाकळी कुठे बसवायची, हे मला तिथे पहिल्याच दिवशी विचारलं गेलं. दोन वर्षं मी फक्त रस्त्यात 'मॉर्निंग' म्हणत होते. त्या टेबलाशी तीन संध्याकाळी बसले आणि सगळ्या गावाला माझं नाव कळलं.

तुम्ही दोन वर्षं थांबू नका. ऑगस्टच्या मध्यापासून गावातल्या सूचनाफलकावर लक्ष ठेवा आणि दिलेल्या वेळी सरळ जा, आमंत्रण लागत नाही. बागेतली फुलं टोपलीभर न्या. कपडे जुने घाला आणि हाताला कापलं असेल तर पट्टी लावून जा, मातीतलं मीठ फार झोंबतं.