वॉर्डातली तक्रार शेवटपर्यंत कशी न्यावी: गोव्यातील पंच आणि नगरसेवकांसाठी

बाजारात किंवा देवळाच्या आवारात कोणीतरी अडवतो आणि म्हणतो, "आमच्या वाड्यावरचा दिवा कधीपासून बंद आहे." उत्तरादाखल नुसते "बघतो" म्हटले की ती तक्रार तिथेच विरून जाते. म्हणून पहिले साधन म्हणजे वही. साधी, शंभर पानी, पण कायम सोबत असलेली. तारीख, नाव, घर क्रमांक, जवळची खूण, तक्रार काय, ती कोणत्या खात्याची, अर्जाचा इनवर्ड (आवक नोंदीचा) क्रमांक आणि पुढे कधी विचारायचे, एवढे रकाने आखा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा राहिला की तक्रार मागे पडते.

नोंद झाल्यावर दोन दिवसांत जागेवर जा. दिव्याची तक्रार असेल तर खांबाचा क्रमांक टिपून घ्या. "पिंपळाजवळचा दिवा" एवढ्यावर लाइनमनला खांब सापडत नाही. एकच दिवा बंद असेल तर दोष बहुधा त्या दिव्याचा किंवा त्याच्या जोडणीचा. सगळी रांग काळोखात असेल तर तारेत, फ्यूजमध्ये किंवा स्विचमध्ये बिघाड असतो. अर्जात हे लिहिले तर माणसे योग्य सामान घेऊन येतात. पाण्याचेही तसेच. उंचावरच्या घरांनाच पाणी येत नसेल तर दाब किंवा व्हॉल्व्ह तपासायला सांगा. सगळ्याच वाड्याचे नळ कोरडे असतील तर गळती शोधावी लागते. पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हे तीन दिवस लिहून ठेवा.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या दारात. पथदिव्यांची दुरुस्ती वीज खात्याकडे असते. व्हाळाचा (ओढ्याचा) गाळ हा जलस्रोत खात्याचा विषय, मोठ्या रस्त्याकडेचे गटार साबांखाचे (सार्वजनिक बांधकाम खात्याचे), तर दारोदारचा कचरा पंचायतीचा किंवा पालिकेचा. आतल्या रस्त्यांबाबत मात्र गृहीत धरू नका. शेवटचे हॉटमिक्सिंग, म्हणजे डांबरीकरण, कोणी केले, ते आधी विचारा. पंचायतीनेच बांधलेला रस्ता पुढे साबांखाने डांबरलेला असू शकतो, आणि मग दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी एकच अर्ज दोन्हीकडे द्या आणि प्रत्येकावर दुसऱ्याला प्रत दिल्याचा उल्लेख करा.

अर्ज एका पानाचा, एका विषयाचा असावा. पाच मागण्या एकत्र लिहिल्या की सोपी असेल तेवढी होते आणि बाकीच्या फायलीत राहतात. जागेचा फोटो जोडा, लांबी टेपने मोजून लिहा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. हा क्रमांक तक्रारदारालाही द्या. त्यामुळे तोही स्वतः विचारपूस करू शकतो, आणि तुमचे काम त्याला दिसते.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर विषय पंचायतीच्या पाक्षिक बैठकीत ठराव म्हणून मांडा. पालिकेत असाल तर परिषदेच्या बैठकीत, आणि मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या. तोंडी चर्चा इतिवृत्तात येईलच असे नाही. पुढच्या बैठकीत मागचे इतिवृत्त वाचले जाते तेव्हा आपला ठराव शब्दशः आला आहे का ते ऐका, आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागा. ग्रामसभेला जातानाही मागच्या सभेतले प्रश्न आणि त्यांवर झालेली कारवाई घेऊन जा. न झालेले काम कशामुळे अडले, हे लोकांना स्वतःहून सांगा. लोक उशीर समजून घेतात. लपवाछपवी त्यांना खपत नाही, आणि ते योग्यच आहे.

पैशांचे गणित कच्चे ठेवू नका. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखीव, ४० टक्के स्थानिक गरजांसाठी मोकळी होती. राखीव रकमेतून रस्ता करून देण्याचे वचन दिलेत तर ते पाळता येणार नाही. कंत्राटापासून तर चार हात दूरच राहा. पंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध निघाला तर पंचपद जाऊ शकते.

गटारांसाठी मात्र तक्रारीची वाट पाहू नये. गोव्यात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, म्हणून सफाई मेच्या मध्यापर्यंत पूर्ण हवी. त्यासाठी अंदाजपत्रक आणि ठराव जानेवारी-फेब्रुवारीतच व्हावे लागतात, कारण निविदेला वेळ जातो आणि मार्चअखेर आर्थिक वर्ष संपते. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवी कामे थांबतात, तो धोकाही धरून चाला. सफाई चालू असताना एकदा तरी स्वतः उभे राहा. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या सरीबरोबर तो परत गटारात जातो. तो त्याच दिवशी उचलायची अट कामाच्या आदेशातच घाला. रस्त्याखालच्या मोरीचे तोंड आतून बघा, कारण वरून स्वच्छ दिसणारी मोरी मध्ये प्लास्टिकने तुंबलेली असते. बिलावर सही होण्याआधी मोजलेली लांबी आणि प्रत्यक्ष साफ झालेली लांबी ताडून पाहा.

काम झाल्यावर तक्रारदाराला फोन करून विचारा, आणि तो "झाले" म्हणेपर्यंत वहीतली ओळ खोडू नका.