कुसळ टोचायच्या आधी माळ कापा

पुरंदर, बारामतीपासून सोलापूरपर्यंतच्या माळांवर पवन्या, मारवेल, डोंगरी ही चाऱ्याची गवतं आता निसवायला (फुलोऱ्यात यायला) लागलीत. त्यांच्यात कुसळीही आहे, म्हणजे बियांना टोकदार कुसळ येणारं गवत. दरवर्षी याच वेळी माळ वाया जातो. आधी परतीचा पाऊस जाऊ दे म्हणतात, मग रब्बी ज्वारीच्या पेरणीत माणसं अडकतात आणि माळावर विळा पडतो तो दिवाळीनंतर. तोवर काडी राहते, चारा संपलेला असतो.

फुलोऱ्यातल्या गवतात प्रथिनं सहा-सात टक्के असतात. पिवळं पडलं की तीनच्या आसपास. वर कुसळ पक्की होते. ती मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरते, तोंड सोलते, आणि ओल मिळाली की पीळ सुटत-बसत जमिनीतही घुसते. म्हणजे उशीर केला त्यानं पुढच्या वर्षाची कुसळी स्वतःच पेरली.

शिफारस निम्म्या फुलोऱ्यावर कापायची आहे. माझी खूण सोपी: कुसळ पायजम्याला चिकटायला लागली की उशीर झाला. एखादी सर येऊन थोडं गवत काळं पडलं तरी चालेल, कापणी थांबवू नका. दव दहाच्या आत सुकलं तर दोन-तीन दिवस उघडीप मिळते, असा आमच्याकडचा अदमास. तरी हवामान खात्याचा अंदाज बघून घ्या.

बाकी नेहमीचं:
- कापणी: बुडाला चार बोटं (८ ते १० सें.मी.) ठेवून
- वाळवण: दोन-तीन उन्हं, दुपारी एकदा उलटणं
- गंजी: उंचवट्यावर; ओल १५ टक्क्यांच्या आत, पिळल्यावर काडी मोडली पाहिजे
- खत: पुढच्या जुलैत, चांगल्या ओलीवर, हेक्टरी २० किलो नत्र (युरिया साधारण ४३ किलो)

कुसळी मारायला दुकानदार ग्लायफोसेट हे तणनाशक काढून देईल. घेऊ नका, त्यानं पवन्या-मारवेलही मरतात. मुरमाड माळावर नेपियर या चारा-गवताच्या महाग कांड्याही नकोत, पाण्याशिवाय त्या तगत नाहीत. मारवेल-८ या वाणाचे ठोंब शेजाऱ्याच्या बांधावरून आणून पावसाळ्यात ४५ × ३० सें.मी.वर लावा. आणि माळ पेटवू नका. जाळानं कुसळीचंच फावतं.

ज्यांचं गवत आधीच पिवळं झालंय त्यांनी १०० किलो वाळल्या चाऱ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावा आणि उघडल्यावर वास उडू देऊन मगच घालावा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नये. कुसळ मात्र यानं जात नाही, ती आधी झोडून काढावी लागते.

पवन्या-मारवेल जास्त असलेला चौथा हिस्सा बियांसाठी राखा आणि दरवर्षी तो बदला. त्यातली कुसळी या आठवड्यातच विळ्यानं निवडून काढा.