खाऱ्या शंकरपाळ्या ‘पौष्टिक’ करायला जाताय? या चुका टाळा

मैद्याऐवजी कणीक घेतली की शंकरपाळ्या पौष्टिक झाल्या, हा समज आधी डोक्यातून काढा. 100 ग्रॅम मैदा घ्या की कणीक, कॅलरी साडेतीनशेच्या आसपासच. कणकेत तंतू मैद्याच्या तिपटीहून जास्त, एवढा फायदा मात्र खरा. पण तळून निघालेल्या 100 ग्रॅम शंकरपाळ्या पाचशे कॅलरींच्या घरात जातात, त्या तेलामुळे. एक ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी.

तेव्हा लक्ष पिठापेक्षा कढईकडे हवं. तेल नीट तापायच्या आत घाणा सोडला की शंकरपाळ्या तळाशी बसतात, बुडबुडे मरगळलेले येतात आणि खाताना बोटं तेलकट होतात. कणकेची गोळी टाकून बघा. फसफसत लगेच वर आली की घाणा सोडा आणि आच मध्यम करा. एकदम कढईभर टाकल्या तरी ताप उतरतो. मोहन पिठाची मूठ वळेल इतकंच. जास्त झालं तर शंकरपाळ्या तेलात विरघळतात, मग कढईत उरतो नुसता चुरा. आणि सोनेरी झाल्या की काढा. पिष्टमय पदार्थ जितका तपकिरी, तितकं त्यात कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं रसायन अ‍ॅक्रिलामाइड जास्त.

खुसखुशीतपणासाठी चमचाभर सोडा घालणाऱ्यांना सांगायला हवं, की खायच्या सोड्यातही सोडियम असतं. मीठ बेतानं घालून उपयोग काय मग! खुसखुशीतपणा गरम मोहनानं येतो, सोड्याची गरजच नाही.

तळणीचं तेल काळसर, दाट झालं किंवा त्यावर फेस राहू लागला, की ते पुन्हा वापरू नका.

विकतच्या पाकिटांत गंमत वेगळीच. पुढे ‘नाचणी चिप्स’, मागे नाचणी 20 टक्के. नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम. म्हणजे 30 ग्रॅम चिप्समधून नाचणीचं मिळालं जेमतेम 21. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात, म्हणून पहिलं नाव वाचा. ‘बेक्ड’ लिहिलेलं असलं तरी फॅटचा आकडा बघाच, तेल पिठात मिसळलेलं असू शकतं. सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमीच हवं. मात्र पाकिटावरचा सोडियमचा आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, हे आधी पाहा.