रब्बीचं ठरवायच्या आधी एकदा ओढा चालून बघा, आणि वाडीतली जुनी माणसं सोबत घ्या

दिवाळी झाली, भात कापून खळ्यावर आलं, आणि आता पारावर एकच विषय, गहू किती करायचा आणि कांदा किती. पाण्याचा अंदाज मात्र आपण विहिरीत डोकावून करतो आणि तिथंच फसतो, कारण कार्तिकात सगळ्याच विहिरी तुडुंब दिसतात. खरं पाणी किती आहे ते ओढा सांगतो. पाऊस थांबून तीनेक आठवडे झाले की ओढ्यात जे वाहतं ते पावसाचं राहिलेलं नसतं, डोंगरानं चार महिने पिऊन ठेवलेलं जमिनीतलं पाणी असतं ते, आणि ते कुठं बाहेर येतं, कुठं परत जमिनीत जातं हे बघायची वेळ म्हणजे आत्तापासून संक्रांतीपर्यंत.

मी लिहितोय ते आमच्या अकोले-जुन्नरच्या डोंगरपट्ट्याचं. इकडं महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या आहेत आणि या लोकांना ओढ्याचं जे माहितीये ते कुठल्याच कागदावर नाही. मला हे उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी आम्ही उत्साहात एक बंधारा घातला, जागा सपाट, जेसीबी जाईल अशी, सगळ्यांना सोयीची. ठाकरवाडीतली एक आजी तेव्हाच म्हणाली होती, "तिथं ओढा पीत नाय रं बाबा, तिथं तर तो ओकतो." आम्ही हसलो. पाणी साठलं, दिसायला छान, पण खालच्या एकाही विहिरीत फरक पडला नाही, कारण त्या पट्ट्यात जमिनीतलंच पाणी वर ओढ्यात येत होतं, मग आत मुरणार कुठून.

तर ओढ्याचे हे दोन प्रकारचे पट्टे आधी वेगळे करायचे, देणारा आणि पिणारा. म्हणजे काही ठिकाणी जमीन ओढ्याला पाणी देते आणि काही ठिकाणी ओढा जमिनीला. गावाचा नकाशा तलाठ्याकडून झेरॉक्स करून घ्या, गट नंबर असलेला, मोबाईलवर जीपीएस असतोच, आणि सकाळी लवकर वाडीतल्या दोन-तीन माणसांबरोबर ओढ्याच्या उगमापासून खाली चालत या. माणसं निवडताना सरपंच आणि पाटील नकोत (वाईट वाटून घेऊ नका), पाणी भरणाऱ्या बायका, गुराखी आणि खेकडे-मासे धरणारे कातकरी घ्या. खेकडा बिळ खणतो ते ओल लागेपर्यंत, त्यामुळे कुठल्या काठावर बीळ हातभर खोल आणि कुठं पार खांद्यापर्यंत हात घालावा लागतो हे ज्याला माहितीये त्याला ओल किती खाली आहे ते माहितीये.

प्रश्न विचारताना तारखा विचारू नका, कोणी सांगू शकत नाही. सण विचारा. इथं होळीला पाणी असतं का? अक्षय्य तृतीयेला? मृग लागेपर्यंत टिकतं का? गुरं चैत्रात कुठं पाजता? पाणी आटल्यावर झिरा कुठं खणता (पालघरकडे त्याला डवरा म्हणतात), आणि किती हात खणला की लागतं? शेवटी हमखास विचारायचं, बहात्तरच्या दुष्काळात कुठलं पाणी आटलं नव्हतं. १९७२ च्या आधी आपल्याकडं गावोगाव बोअरच्या गाड्या फिरत नव्हत्या, त्यामुळे तेव्हा जे टिकलं ते खरंच खोलवरून येणारं पाणी. हे सगळं नकाशावर त्या त्या जागी लिहा, होळीपर्यंत टिकणारं हिरव्या पेनानं, मृगापर्यंतचं निळ्यानं, असं काहीतरी.

आता खुणा. उंबर म्हणजे पाणी हे आपण सगळेच ऐकत आलोय आणि ते बऱ्यापैकी खरं आहे, पण एकटा उंबर बघून विहीर पाडू नका. उंबर, जांभूळ, करंज, काठावर वाळुंज आणि खाली लव्हाळा किंवा पाणकणीस असं चार-पाच जण एकत्र दिसले आणि लव्हाळा माघातही हिरवा असला तर ती जागा लिहून ठेवा. बाभूळ यात धरू नका, तिची मुळं कुठंही खोल जातात. हिवाळ्यात पहाटे चालण्याचं कारण असं की जमिनीतल्या पाण्याचं तापमान बारा महिने जवळपास सारखंच असतं, त्यामुळे गारठ्यात जिथं पाणी पायाला कोमट लागतं, वाफ निघताना दिसते, तिथं खालून झरा येतोय. पायात बूट घालून हे कळणार नाही, आमच्या सोबतच्या मावशी अनवाणी चालत होत्या आणि त्यांनी आमच्या आधी तीन जागा सांगितल्या. काठावर तांबूस गाळ आणि वर तेलकट तवंग दिसला तर घाबरू नका, काडीनं हलवा, काचेसारखा तुटला तर ते लोखंड खाणाऱ्या जिवाणूंचं काम, म्हणजे जमिनीतलं पाणी बाहेर येतंय. तवंग तुटला आणि परत जुळला तर मात्र कोणीतरी ऑइल सांडलंय.

साती आसरांचे (पाण्याच्या सात देवींचे) शेंदूर लावलेले दगड जिथं जिथं आहेत त्या जागा वेगळ्या नोंदवा. डोहाकाठी, झऱ्याच्या तोंडाशी ते असतात, तसंच देवराईचं. श्रद्धा असो-नसो, तिथलं पाणी टिकतं म्हणूनच पिढ्यानपिढ्या कोणी तिथं हात लावला नाही. पाणाड्या नारळ किंवा काटकी घेऊन फिरतो ते मी या ज्ञानात धरत नाही. वाडीतल्या माणसाचं सांगणं पुढच्या होळीला जाऊन तपासता येतं, नारळाचं तपासायचं तर आधी बोअरचे पैसे भरावे लागतात.

हे असं का होतं ते थोडक्यात. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग लाव्हाच्या थरांचा आहे, एकावर एक पायऱ्यांसारखे. मांजऱ्या (भोकाभोकांचा, मऊ खडक) आणि फुटलेला खडक पाणी धरतो, अखंड काळा पाषाण धरत नाही, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूचा तांबडा पट्टा असतो. वरून मुरलेलं पाणी खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि कड्याच्या अंगाला झरा होऊन फुटतं. म्हणून नकाशावर सगळे झरे मांडले की ते बरेचदा एकाच उंचीवर रांगेत येतात. ही रांग सापडली की अर्धं काम झालं, कारण मुरवायचं असतं ते रांगेच्या वर, पठारावर, झऱ्याजवळ नाही. थर थोडा कललेला असेल तर तुमच्या झऱ्याचं पाणी डोंगरापलीकडच्या गावाच्या माळावर पडत असतं, मग त्यांच्याशी बोलावं लागतं, त्याला इलाज नाही.

लोकांनी सांगितलेलं मोजून बघा, त्यांचाही मान राहतो आणि आपलाही गैरसमज जातो. काठापासून तीस-चाळीस मीटरवरची विहीर घ्या, मोटर चालू करायच्या आधी, आणि गवंड्याची पाण्याची नळी लावून विहिरीतलं पाणी ओढ्यातल्या पाण्यापेक्षा वर आहे की खाली ते बघा. वर असेल तर देणारा पट्टा, खाली असेल तर पिणारा. टीडीएसचं पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर दर शंभर पावलांवर बुडवा, आकडा एकदम वाढला तर तिथं जमिनीतलं पाणी मिसळतंय, फक्त वर गावाचं सांडपाणी येत नाही ना ते बघून घ्या.

बंधाऱ्याचं मग सोपं होतं. वनराई बंधारे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचे, आत्ता पाणी वाहतंय तोवरच घालायचे आणि विहिरी वाढवायच्या असतील तर पिणाऱ्या पट्ट्यात घालायचे. देणाऱ्या पट्ट्यात घातला तर तो गुरांना, धुण्याला, उचलून पाणी द्यायला उपयोगी, मुरवायला नाही. झऱ्याच्या तोंडावर काँक्रीटची टाकी बांधू नका, तोंड बंद झालं की पाणी दुसरी वाट धरतं. आणि नाला खोलीकरणाच्या नादात मांजऱ्या थर कापून काढलात तर दोन्ही काठांच्या विहिरींचं पाणी ओढ्यात निथळून जातं आणि विहिरी लवकर तळ गाठतात. हे मी जरा चिडूनच लिहितोय, कारण जेसीबीचं बिल सगळ्यांना दिसतं आणि आटलेली विहीर "पाऊस कमी झाला" या खात्यावर जाते. झऱ्याच्या वरच्या अंगाला बोअरही नको, आणि सरकारी पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर-बोअर घ्यायची नाही हा नियम तर १९९३ च्या कायद्यापासूनचा आहे.

पिकाचा हिशोब झऱ्यावर असा करा. १५ लिटरची बादली ३० सेकंदात भरली तर दिवसाचं साधारण ४३ हजार लिटर होतं. एका एकराला ५ सेंटीमीटरचं एक पाणी द्यायला २ लाख लिटर लागतं, म्हणजे एका एकराच्या एका पाण्याला जवळपास पाच दिवस, तेही वाटेत गळती धरली नाही तर. गव्हाला पाच-सहा पाणी, हरभरा एक-दोन पाण्यात येतो, उपळट (खालून ओल लागणाऱ्या) खाचरात तर वाल-मसूर नुसत्या ओलीवर निघतात. पौषात बादलीला ६० सेकंद लागायला लागले तर उन्हाळी कांद्याचं रोप विकून टाका.

नकाशा झाला की तो ग्रामसभेत ठेवा, ज्यांनी सांगितलं त्यांना विचारून त्यांची नावं त्यावर टाका. देवाच्या पाण्याच्या जागा गुगल मॅपवर टाकू नका, आधी टुरिस्ट येतात आणि मागोमाग टँकर. झरा वनखात्याच्या जमिनीत असेल आणि गावाला २००६ च्या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर राखण्याचा हक्क ग्रामसभेचाच आहे, तो ठराव लिहून घ्या. पुढची फेरी संक्रांतीनंतर, मग होळीला, तीच माणसं, तीच बादली.